मुंबईत सावलीसाठी रेड मॅपल लावता येईल का?

अंगण_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली जुनी सोसायटी आहे. इमारतीची पश्चिमेची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये 22 फूट रुंद आणि साधारण 60 फूट लांब मोकळी पट्टी आहे. मार्चपासून दुपारचं ऊन तळमजल्याच्या खिडक्यांवर थेट येतं, म्हणून तिथे सावलीचं झाड लावायचं ठरलंय. सभासदांना लाल पानांचं झाड हवंय आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रेड मॅपल आहे.

जमीन अशी: वर फूटभर लाल माती, त्याखाली बांधकामाचा भराव. पट्टीच्या उत्तर टोकाला जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. ऑनलाइन दोन गोष्टी मिळतायत. एक म्हणजे 20 बियांचं पाकीट, त्यावर ‘फ्रिजमध्ये 90 दिवस ठेवा’ असं लिहिलंय. दुसरं म्हणजे दीड फुटाचं रोप, पानं आत्ताच गडद लाल. यातलं काय घ्यावं? खड्डा केवढा करावा? आणि सावली यायला किती वर्षं लागतील?

देवराई

मॅपल नको, हे आधीच सांगतो. कारणं नीट समजून घ्या, म्हणजे सभेत सांगायला बरं पडेल.

रेड मॅपल म्हणजे एसर रुब्रम. हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड आहे, वर न्यूफाउंडलंडपासून खाली फ्लोरिडापर्यंत. ‘रेड’ हे नाव फक्त पानगळीच्या रंगामुळे पडलेलं नाही. त्याच्या कळ्या, फुलं, पानांचे देठ आणि कोवळी पंखवाली फळं, सगळंच लालसर असतं. उन्हाळाभर पान मात्र वरून हिरवंगार आणि खालून पांढुरकं असतं.

फोटोत दिसतो तो लाल रंग येतो कसा, ते बघा. दिवस लहान होत जातात, रात्री गार पडतात, पान हरितद्रव्य मोडून आतलं नत्र खोडात ओढून घेऊ लागतं आणि त्याच सुमाराला पानातल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. लख्ख ऊन आणि गोठण्याच्या जरा वरच्या रात्री अशी जोडी जमली की रंग सर्वांत गडद चढतो. बोस्टनकडे ऑक्टोबरच्या मध्यावर हे सगळं जुळून येतं. त्याच ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारी 33-34 अंश आणि रात्री 23-24 अंश असतात. झाडाला पानगळीची खूणच मिळत नाही. पानं हिरवीच राहतात, पुढे मार्च-एप्रिलमध्ये कडेने तपकिरी होऊन करपतात आणि तशीच लटकून राहतात.

दुसरी अडचण थंडीची. उत्तरेकडच्या बियांपासून झालेल्या झाडांच्या कळ्या उघडायला कित्येक आठवडे सलग गारवा लागतो. तो मिळाला नाही तर काही फांद्या फुटतात आणि काही तशाच झोपून राहतात. झाड दर वर्षी थोडं थोडं मागे सरतं. खोडाचा घेर वाढत नाही, आणि घेर वाढला नाही तर सावली कुठून येणार?

तिसरी गोष्ट तुमच्या जमिनीची. रेड मॅपलला आम्लधर्मी माती लागते. भरावातला चुना-सिमेंट माती अल्कधर्मी करतो. अशा मातीत या झाडाला मँगनीज घेता येत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत घालून हे सुटत नाही. दोष खताच्या कमतरतेचा नसून मातीच्या स्वभावाचा आहे.

खुरपं

रोप आणि पाकीट, दोन्हींबद्दल.

रोपाची पानं फांदीवर कशी बसली आहेत ते बघा. मॅपलची पानं समोरासमोर जोडीने येतात, एका पेराला दोन. एकाआड एक येत असतील तर ते मॅपल नाही. दीड फुटाला गडद जांभळट लाल, हातासारखी कातरलेली पानं आणि पानं एकाआड एक, म्हणजे बहुतेक वेळा ती लाल पानांची जास्वंदवर्गीय अंबाडी निघते. पान चोळलं की बोटाला बुळबुळीत लागतं आणि चव आंबट असते. झुडूप छान दिसतं, सहा महिन्यांत पाच-सहा फूट होतं, पण दोन-तीन वर्षांत संपतं. सावलीच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही.

चिनारलाही लोक मॅपल समजतात. त्याचीही पानं एकाआड एक असतात, आणि देठ उपटला तर त्याच्या पोकळ टोकाखाली कळी झाकलेली दिसते. तोही मुंबईत टिकणारा नाही.

आता पाकीट. रेड मॅपलचं बी वसंतात पिकतं आणि ताजं पेरलं तर बहुतेक बिया त्याच हंगामात उगवतात. कोरडं होऊन पडून राहिलं की जोम झपाट्याने जातो. फ्रिजमध्ये तीन महिने ठेवायची सूचना शरद ऋतूत पिकणाऱ्या मॅपलसाठी असते, उदाहरणार्थ जपानी मॅपल. म्हणजे पाकिटात जे असेल ते असो, विकणाऱ्याला बी ओळखता येत नाही एवढं त्या सूचनेवरून कळतं. निळ्या किंवा सप्तरंगी मॅपलच्या बिया विकणाऱ्यांकडे तर फिरकूच नका, तसं झाड जगात नाही.

आणि बाहेरून कोणी बिया किंवा रोप आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयातीचा परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. सामानात लपवून आणलेल्या बीबरोबर कीड आणि बुरशीही येते.

खाडीकाठ

देवराई, थंडीच्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती. दक्षिण फ्लोरिडातल्या रेड मॅपलना थंडीची गरज जवळपास नसते. मायामीत जानेवारीच्या रात्री सरासरी मुंबईसारख्याच असतात आणि त्या भागातल्या दलदलीत हे झाड आपणहून वाढतं. त्यामुळे ‘उष्ण भागात जगतच नाही’ असं म्हणता येणार नाही.

पण तिथे त्याच्या मुळांना वर्षभर ओल असते. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि मग ऑक्टोबर ते मे जवळजवळ कोरडं. पाणथळ जागेतलं झाड आठ महिने बादलीवर जगवायचं झालं तर एका उन्हाळ्यात पाणी चुकलं की शेंडा वाळलाच. शिवाय तिथेही उत्तरेसारखी पानगळ नसते. हिवाळ्याच्या अखेरीस झाड लाल दिसतं ते फुलांनी, फळांनी आणि कोवळ्या पालवीने. आणि आपल्याकडे विकणारा कोणीच बी कुठल्या भागातलं आहे ते सांगत नाही, त्यामुळे फ्लोरिडाचंच मिळेल हे गृहीत धरू नका.

देवराई

खाडीकाठ, बरोबर आहे, दुरुस्ती मान्य. आणि तुमच्या शेवटच्या वाक्यांतच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. उष्ण प्रदेशातल्या झाडांचा लाल रंग बहुतेक वेळा पालवीत असतो, पानगळीत क्वचित. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी अँथोसायनिन येतं आणि ते कडक उन्हापासून पानाला सांभाळतं. आंब्याची तांबूस पालवी, पिंपळाची फाल्गुन-चैत्रातली गुलाबी-तांबडी पानं, नागकेशराची लाल फूट, सगळीकडे कारण हेच. सभासदांना लाल हवं असेल तर ऑक्टोबर विसरा आणि मार्चकडे बघा.

यात पहिला मान कुसुंबाचा. कोशिंबही म्हणतात. मार्चच्या सुमाराला अख्खं झाड पेटल्यासारखं लाल होतं, दोन-तीन आठवडे तसंच राहतं, मग पानं पोपटी आणि पुढे गर्द हिरवी होतात. लाखेच्या किड्याचं हे प्रमुख यजमान झाड, आंबट फळं माणसंही खातात आणि पाखरंही. बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मार्चमध्ये सभासदांना घेऊन जा, पुढची चर्चा तिथेच मिटेल. सावली दाट आणि थंड. मात्र वाढ सावकाश आहे आणि पुढे घेर 30 फुटांच्या वर जातो. तुमच्या 22 फुटांत तो बाल्कन्यांवर येणार आणि मग दर वर्षी छाटणी. एवढं चांगलं झाड अर्धं कापून ठेवायला लावू नये.

म्हणून तुमच्या पट्टीसाठी ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यपुष्प हे सगळ्यांना माहीत असतं, पण गळायच्या आधी त्याची पानं तांबडी-लाल होतात हे फारसं कोणी बघत नाही. हिवाळ्यात तो रंग येतो, मग झाड काही आठवडे उघडं, नंतर नवी पालवी आणि एप्रिल-मे-जूनमध्ये जांभळ्या फुलांचे तुरे. नदी-ओढ्याकाठचं झाड असल्याने पावसाळ्यात मुळांशी पाणी साचलं तरी चालतं, आणि भरावाच्या जमिनीत हे फार उपयोगाचं आहे. फांद्या आवरून धरता येतात. उणीव एकच: फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत सावली विरळ असते. एप्रिल-मे मात्र भरलेलं मिळतं.

सीता अशोकाची लोंबती गुलाबी-तांबूस पालवी सुंदरच, पण त्याला लहानपणी आडोसा आणि ओल लागते. पश्चिमेच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. इमारतीच्या पूर्वेला जागा असेल तर तिथे लावा.

गच्चीवरून

देशी बदाम कसा विसरलात? मॅपलसारखं झडताना लाल होणारं झाड मुंबईत तेच आहे. वर्षातून दोनदा पानं बदलतो, जुनी पानं शेंदरी-लाल होऊन गळतात. खारं वारं सोसतो, भराव सोसतो, चार-पाच वर्षांत छत्री होते. ताम्हणापेक्षा सावली लवकर मिळेल.

देवराई

बदाम मैदानाला किंवा चौपाटीला उत्तम. त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या जातात, दोन्ही बाजूंना 15-20 फूट. 22 फुटांच्या पट्टीत त्या सरळ दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिरतील. आडवी फांदी मधेच तोडली की टोकाला झुपका फुटतो आणि पावसाळ्यातल्या वाऱ्यात तोच मोडतो. हाताएवढी पानं पन्हाळीत आणि गटाराच्या जाळीत अडकतात, आणि दुसरी पानगळ पावसाच्या तोंडावर आली तर पाणी तुंबतं. शिवाय फळांसाठी वटवाघळं येतात, खाली गाड्या असतील तर रोज डाग. झाड वाईट नाही, जागा चुकीची आहे.

अंगण_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. रोपाचा फोटो मोठा करून पाहिला, पानं एकाआड एक आहेत. म्हणजे तो विषय संपला. सभेत ताम्हण मांडतो. आता लावायचं कसं ते सविस्तर सांगा. किती झाडं बसतील, टाकीपासून किती लांब, खड्डा किती, भरावाचं काय करायचं?

खुरपं

दोन झाडं. टाकीच्या भिंतीपासून 20 फुटांवर पहिलं, त्यापुढे 25 फुटांवर दुसरं, मग दक्षिणेकडे 15 फूट उरतात. इमारतीपासून 13 फूट, कंपाउंडपासून 9. खणण्याआधी ड्रेनेजची आणि पाण्याची लाइन कुठून जाते ते प्लंबरकडून जमिनीवर चुन्याने आखून घ्या. मूळ धडधाकट पाइप फोडत नाही, पण गळणाऱ्या सांध्यात नक्की शिरतं. गळका सांधा आधी दुरुस्त करा.

खड्डा मे महिन्यात, 3 फूट लांब, 3 फूट रुंद, 3 फूट खोल. भराव असेल तर लांबी-रुंदी 4-4 फूट करा, खोली तीच. निघालेले विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लास्टिक सगळं बाहेर, ते परत आत टाकायचं नाही. वरची लाल माती वेगळी ठेवा. तळाला सब्बलीने आठ-दहा ठिकाणी भोकं पाडा. मग खड्ड्यात फूटभर पाणी भरून बघा. चोवीस तासांत जिरलं तर छान. नाही जिरलं तर खाली घट्ट थर आहे, तो आणखी फूटभर फोडून घ्या. ताम्हण ओल सोसतो हे खरं, पण नवं रोप साचलेल्या पाण्यात उभं केलं तर मुळं कुजतात. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात उघडा ठेवा आणि भोवती काहीतरी आडवं लावा, मुलं खेळत असतात.

भरायला तीन घमेली लाल मातीला एक घमेलं पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत, आणि एका खड्ड्याला किलोभर निंबोळी पेंड. जास्त शेणखत घातलं की झाड जास्त वाढतं, हा समज सोडा. शेणखत कुजत जातं, माती खचते आणि झाड खाली बसतं. खोडाचा बुंधा मातीत गेला की साल कुजते, आणि हे दोन-तीन वर्षांनी कळतं. 4 फूट रुंद खड्ड्याला 48 घनफूट माल लागतो. खचायचं धरून 55-60 घनफूट मागवा. कच्चं शेण अजिबात नको, हुमणी आणि वाळवी त्यातूनच येतात.

रोप 5-6 फुटी, खोड अंगठ्याएवढं, एकच सरळ शेंडा असलेलं. छोट्या पिशवीतलं 10-12 फुटी उंच रोप स्वस्त वाटेल, पण आत मुळांची गुंडाळी झालेली असते आणि असं झाड सात-आठ वर्षांनी वादळात मुळासकट आडवं होतं. पिशवी ब्लेडने कापून काढा. मुळं गोल फिरलेली दिसली तर गोळ्याला चार बाजूंनी उभे अर्धा इंच खोल काप द्या.

जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी पडून माती ओली झाली की लावा. पहिल्याच सरीला घाई नको, मधे आठ-दहा दिवस उघडीप पडते. गोळ्याचा वरचा भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच वर राहील असं बसवा, पुढे ते खाली येतंच.

आधाराला दोन बांबू, खोडापासून दीड फुटावर, दोन बाजूंना. काथ्याच्या दोरीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ, खोडाच्या खालच्या अर्ध्यात. खोड थोडं हललं पाहिजे, हललं तरच जाड होतं. वर्षाने बांबू काढा. तारेने बांधलेली झाडं रस्त्यावर बघता ना, साल कापली गेलेली? तार कधीच नको.

खाडीकाठ

पाण्याचं मी सांगतो. पावसाळ्यात काही नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक झाडाला 20 लिटर. मार्च ते मे एक दिवसाआड 20-25 लिटर, सकाळी. हे तीन उन्हाळे सलग करायचं. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात, त्यापेक्षा उशिरा पण भरपूर. आळं खोडाला लागून नको, फूटभर बाहेर आणि दर वर्षी थोडं मोठं. वर तीन इंच वाळक्या पानांचा थर, खोडापासून चार इंच मोकळे सोडून. सोसायटीत रोज झाडून पेटवला किंवा गाडीत टाकला जातो तो पालापाचोळाच वापरा.

सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक खोडाभोवती किमान 4 फूट बाय 4 फूट लांब ठेवा. पट्टीला नंतर फरशी बसवायचं कोणाच्या डोक्यात असेल तर हे आत्ताच ठरावात लिहून घ्या.

किती वर्षांत सावली, त्याचा हिशेब. मे महिन्यात मुंबईत दुपारी 4 वाजता सूर्य साधारण 42 अंश वर असतो, 5 वाजता 28 अंशांच्या आसपास. झाड भिंतीपासून 13 फुटांवर आणि खिडकीचा मध्य जमिनीपासून 5 फुटांवर धरला, तर 4 चं ऊन अडवायला 17 फुटांचं झाड लागतं आणि 5 चं अडवायला 12 फुटांचं. पाणी चुकलं नाही तर चौथ्या-पाचव्या वर्षी ताम्हण 15 फुटांच्या आसपास जातो. पण याचीच दुसरी बाजू माळ्याला सांगा: फांद्या खालून फार वर छाटत नेल्या तर सगळं ऊन त्याखालून आत येईल. माणूस चालू शकेल एवढं, 7 फूट, मोकळं खोड पुरे. तेही तीन वर्षांत हळूहळू, एका वेळी झाडाच्या उंचीचा वरचा दोन तृतीयांश भाग पानांनी भरलेला राहील असं. शेंडा कापायचा नाही. शेंडा कापला की कुंचल्यासारख्या फांद्या फुटतात आणि त्यांचे जोड कच्चे असतात.

देवराई

झाड मोठं झाल्यावर लागेल म्हणून: 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार, स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. मुंबईत महापालिकेच्या तुमच्या वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे अर्ज द्यायचा. छाटणीचंही तिथेच विचारा, आणि पावसाच्या आधी हवी असेल तर अर्ज मार्चमध्येच द्या.

आणि सभासदांपैकी कोणाला कुंडीत मॅपलची हौस करायचीच असेल तर हरकत नाही, फक्त शोभेचं म्हणून. 18 इंची मातीची कुंडी, सकाळी 11 पर्यंतच ऊन येईल अशी पूर्वेची बाल्कनी, मार्च ते मे वर 50 टक्के सावलीची जाळी, माती कधीच पूर्ण सुकू द्यायची नाही, आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकायची. पानांच्या कडा करपणार आणि लाल होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

अंगण_मुलुंड

पुढच्या रविवारी सभा आहे. खड्ड्यांची आखणी चुन्याने करून ठेवतो आणि प्लंबरला शनिवारी बोलावतो. एक शेवटचं: दोन ताम्हणांऐवजी एक ताम्हण आणि दक्षिणेच्या टोकाला एक कुसुंब चालेल का?

देवराई

त्या बाजूला शेजारची इमारत किती लांब आहे ते मोजून सांगा. कंपाउंडपलीकडे 15 फूट मोकळी जागा असेल आणि शेजाऱ्यांची हरकत नसेल तर चालेल. कुसुंब अगदी कोपऱ्यात, दोन्ही भिंतींपासून 9-9 फूट. त्याचं सोटमूळ दुखावलेलं चालत नाही, म्हणून 2-3 फुटांचंच लहान रोप घ्या, आणि मुळांचा गोळा फुटला असेल तर ते रोप नर्सरीला परत करा.